किहीमच्या किनाऱ्यापासून कैलासापर्यंत : डॉ. सालिम अली आणि उंचीवरचा श्वास



दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात आपल्या राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. शाळाशाळांतून फलक रंगतात, मुले पाठ केलेली भाषणे म्हणतात. सालिम अलींवरचे भाषण बहुधा एका चिमणीपासून सुरू होते आणि पद्मविभूषण पुरस्कारापाशी संपते. त्यात चूक काहीच नाही. पण या पाठात आपण त्यांचे चरित्र थोड्या वेगळ्या वाटेने वाचणार आहोत. ही वाट आपल्या रायगड जिल्ह्यातल्या किहीमच्या किनाऱ्यावरून, म्हणजे समुद्रसपाटीवरून निघते आणि हिमालयाच्या पलीकडच्या सरोवरांपर्यंत चढत जाते.

वाटेत एक प्रश्न आपल्याबरोबर ठेवा. उंचावर गेल्यावर आपल्या हृदयाचे आणि फुफ्फुसांचे नेमके काय होते? आणि जिथे माणसाला चार पावले टाकली तरी धाप लागते, तिथून एखादा हंस पंख मारत कसा जातो?

हा प्रश्न फक्त विज्ञानाच्या पेपरपुरता नाही, बरं का. सुटीत आता आपल्याकडची कुटुंबेही लेह-लडाखला जातात. सकाळी समुद्राकाठी चहा घेतलेला माणूस विमानाने त्याच दिवशी ३,५०० मीटर उंचीवर उतरतो. तिथे शरीरात काय घडते हे ठाऊक नसेल, तर सहलीचे दुखणे होते आणि कधी कधी दुखणे जिवावर बेततेही.

पिवळ्या गळ्याची चिमणी

सालिम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरात या पोरक्या भावंडांना वाढवले. मामा-मामींना स्वतःचे मूल नव्हते. घर भरलेले होते, माया होती, आणि मामांना शिकारीची हौस होती. त्यामुळे मुलाच्या हातात छर्‍याची बंदूक आली.

एके दिवशी या मुलाने एक चिमणी मारली. हातात घेऊन बघतो तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग! नेहमीच्या चिमणीला असा डाग नसतो. मामांनाही उत्तर देता येईना. इथे मामांनी जे केले ते आपण पालकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी प्रश्न टाळला नाही. चिठ्ठी देऊन त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत, तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड साहेबांनी चिमणी ओळखली, पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली आणि वाचायला पुस्तके दिली. एका मुलाचा प्रश्न दोन मोठ्या माणसांनी मनावर घेतला, आणि पुढचे सगळे आयुष्य त्यातून निघाले.

पदवी नाही, नोकरीही नाही

शाळेत सालिम काही फार चमकले नाहीत. लहानपणी डोकेदुखीने त्यांना बेजार केले होते, हवापालटासाठी सिंधमध्येही पाठवावे लागले. पुढे कॉलेज अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात तावॉयला गेले. तिथे घरच्यांचा वुल्फ्रॅम या खनिजाचा व्यवसाय होता. धंद्यात त्यांचे मन किती रमले असेल याचा अंदाज तुम्हीच करा, कारण आजूबाजूला घनदाट जंगल होते आणि जंगलात पक्षी होते! १९१७ मध्ये ते मुंबईला परतले. डावर्स कॉलेजात त्यांनी व्यापारी कायदा आणि हिशेब शिकायला घेतला, आणि त्याच वेळी सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्रही. १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचे लग्न झाले.

पक्ष्यांचे वेड होते, पण विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यामुळे प्राणिशास्त्र सर्वेक्षण विभागातली नोकरी हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, लोकांना निसर्गविभाग समजावून सांगणारे व्याख्याते म्हणून त्यांना काम मिळाले. तिथून रजा काढून ते बर्लिनला गेले आणि एर्विन स्ट्रेसमान या थोर पक्षितज्ज्ञाच्या हाताखाली शिकले. स्ट्रेसमान यांना ते आयुष्यभर गुरू मानत राहिले.

१९३० मध्ये परत आले, तर पैशाअभावी त्यांची म्युझियममधली जागाच रद्द झालेली होती. वय ३३. शिक्षण झालेले, हाताला काम नाही, आणि मुंबईत राहायचे तर खर्च मोठा.

किहीमची सुगरण

तेव्हा सालिम आणि तेहमिना किहीमला येऊन राहिले. अलिबागजवळचे हे गाव तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात होते. नारळी-पोफळीच्या वाड्या, भातखाचरे, समोर समुद्र. नोकरी गेलेल्या माणसाने इथे हात जोडून बसायचे ठरवले असते तरी त्याला कोणी नावे ठेवली नसती. पण घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळा सुरू झाला तशी घरटी विणायची लगबग सुरू झाली. सालिम अलींनी शिडी आणि आडोशाची सोय केली आणि रोज तासन्‌तास तिथे बसून बघायला सुरुवात केली.

काय दिसले त्यांना? आपण मराठीत या पक्ष्याला सुगरण म्हणतो, म्हणजे घरटे विणणारी ती मादी असे आपण धरूनच चालतो. प्रत्यक्षात विणकाम करतो नर. तो घरटे अर्धे विणतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरून तपासते, पसंत पडले तर राहते, नाही तर सरळ निघून जाते. पसंती मिळाली की नर ते घरटे पुरे करतो. मादी अंडी उबवायला बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! एका नराचे असे दोन-तीन संसार एकाच मोसमात होऊ शकतात. ही गोष्ट इतक्या नीटपणे आधी कोणी मांडली नव्हती. १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला आणि सालिम अलींचे नाव जगभरच्या पक्षितज्ज्ञांना कळले.

त्यांच्याजवळ या कामासाठी ना प्रयोगशाळा होती, ना पगार. होते ते फक्त न कंटाळता बघणे. ही सवय त्यांनी समुद्रसपाटीवर कमावली आणि पुढे ती डोंगरावर नेली.

तेहमिनांची साथ आणि ताटातूट

यानंतर संस्थानांच्या पक्ष्यांची पाहणी करण्याची कामे सुरू झाली. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन. पैसे जेमतेम, राहणे तंबूत, प्रवास बैलगाडीचा. तेहमिना बरोबर असायच्या. चांगल्या सुखवस्तू घरातली ही बाई नवऱ्याच्या वेडापायी रानोमाळ हिंडली, याची नोंद सालिम अलींच्या चरित्रात ठळक अक्षरांत व्हायला हवी. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सालिम अली पुढे आयुष्यभर एकटेच राहिले. बहीण कामू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी त्यांना आधार मिळाला. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. ते हातात धरून भारतातल्या कित्येक पिढ्या पक्षी ओळखायला शिकल्या.

कैलास-मानसरोवर, १९४५

१९४५ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, सालिम अली कैलास-मानसरोवरला गेले. भाविक तिथे पुण्यासाठी जातात, हे गेले पक्ष्यांसाठी. मानसरोवर आहे समुद्रसपाटीपासून जवळजवळ ४,६०० मीटर उंचीवर. आता आपला प्रश्न बाहेर काढू या.

आधी हवेचा हिशेब बघा. मुलांना वाटते की उंचावर हवेत ऑक्सिजनचे प्रमाण कमी होते. तसे नाही. किहीमला हवेत २१ टक्के ऑक्सिजन आहे आणि एव्हरेस्टवरही २१ टक्केच आहे. कमी होतो तो हवेचा दाब. आपल्यावरचा हवेचा थर जितका पातळ, तितका दाब कमी, हवा तितकी विरळ, आणि एका श्वासात आत येणारा ऑक्सिजनही तितका कमी. समुद्रसपाटीवरचा दाब १०० धरला, तर ढोबळमानाने असे दिसते :

- अलिबाग, किहीम (समुद्रसपाटी) : १००
- रायगड किल्ला (सुमारे ८२० मीटर) : ९१
- कळसूबाई (१,६४६ मीटर) : ८२
- लेह (सुमारे ३,५०० मीटर) : ६५
- मानसरोवर (सुमारे ४,६०० मीटर) : ५७
- ५,५०० मीटर उंची : ५०
- एव्हरेस्ट (८,८४९ मीटर) : ३३

म्हणजे मानसरोवराकाठी घेतलेल्या श्वासात किहीमच्या श्वासाच्या निम्म्याहून थोडाच जास्त ऑक्सिजन असतो. लेहला नेलेले वेफर्सचे पाकीट फुगून टम्म होते ते याच कारणाने. पाकिटातली हवा मुंबईच्या दाबाची, बाहेरची हवा लेहच्या दाबाची.

हृदय आणि फुफ्फुसे काय करतात?

ऑक्सिजन कमी पडतोय हे कळताच शरीर दोन कामे लगेच करते. श्वास जलद आणि खोल होतो, आणि हृदयाचे ठोके वाढतात. प्रत्येक खेपेला माल कमी येतोय, तर खेपा वाढवायच्या, असा सरळ व्यवहार आहे हा. पण भराभर श्वास सोडल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो. मेंदू मग श्वासाला आवर घालू लागतो. ही ओढाताण दोन-तीन दिवस चालते. तोवर मूत्रपिंडे रक्ताचे रासायनिक संतुलन हळूहळू सुधारतात आणि मग कुठे माणसाला मोकळेपणाने खोल श्वास घेता येतो. त्याच वेळी मूत्रपिंडे लाल पेशी वाढवण्याचा निरोपही धाडतात. पण त्या पेशी तयार व्हायला आठवडे लागतात.

फुफ्फुसांची एक सवय मात्र उंचावर घातक ठरू शकते. फुफ्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात ऑक्सिजन कमी असेल, तर तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळते. समुद्रसपाटीवर ही युक्ती फार उपयोगी आहे. समजा न्यूमोनिया झालेला भाग आहे, तिकडे रक्त पाठवून उपयोग काय? पण उंचावर सगळ्याच फुफ्फुसात ऑक्सिजन कमी. मग सगळ्याच रक्तवाहिन्या आकसतात. हृदयाच्या उजव्या बाजूला फुफ्फुसात रक्त ढकलायला जास्त जोर लावावा लागतो, तिथला दाब वाढतो, आणि फार वाढला तर नाजूक केशवाहिन्यांतून पाणी झिरपून वायुकोशांत साचते. ज्या जागी हवा हवी तिथे पाणी! बसल्या जागी धाप लागणे, न थांबणारा खोकला, फेसाळ गुलाबी थुंकी, निळसर ओठ ही त्याची लक्षणे. माणूस धडधाकट, तरुण, रोज पळणारा असला तरी हे होऊ शकते.

याचा धडा आपल्या देशाने फार किंमत मोजून घेतला. १९६२ च्या युद्धाच्या काळात सखल भागातले जवान घाईघाईने उंच सीमेवर न्यावे लागले आणि अनेकजण या आजाराने पडले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांचा अभ्यास करून १९६९ मध्ये तो प्रसिद्ध केला. उंचीच्या आजारावरचे ते जगातले महत्त्वाचे काम मानले जाते.

मग सालिम अलींच्या काळात लोक मानसरोवरला कसे जात होते? चालत! आठवडेच्या आठवडे पायी चढत. दर मुक्कामाला उंची थोडी थोडी वाढायची, आणि फुफ्फुसांना, मूत्रपिंडांना, रक्ताला तयारीला वेळ मिळायचा. वाट लांब होती, पण तिचा लांबपणाच औषध होता. आज विमान ती वाट दीड-दोन तासांवर आणते आणि ते औषध मात्र मागे राहते.

पायात कडी घातलेले पाहुणे

मानसरोवर आणि आसपासच्या सरोवरांच्या प्रदेशात उन्हाळ्यात एक हंस घरटी करतो. राखी-पांढरा, डोक्यामागे दोन काळे आडवे पट्टे. याला मराठीत पट्टकादंब म्हणतात. लडाखच्या त्सो मोरीरीसारख्या तलावांवर, तिबेटात आणि मंगोलियात तो वाढतो, आणि थंडी पडली की आपल्याकडे येतो. जायकवाडी, उजनी, नांदूर मध्यमेश्वर इथे हिवाळ्यात तुम्हाला तो दिसू शकतो. आता नकाशा काढा. मंगोलिया वर, उजनी खाली, आणि मध्ये काय? हिमालय!

पण पक्षी खरोखर कुठून येतात हे सिद्ध कसे करायचे? सालिम अलींनी १९५९ च्या सुमारास एक मोठे काम हाती घेतले. कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये माकडे मरू लागली होती आणि माणसेही तापाने आजारी पडत होती. सिंधुदुर्गात आज ज्याला माकडताप म्हणतात तोच हा आजार. त्याचा विषाणू रशियातल्या एका आजाराच्या विषाणूसारखा निघाला. मग शंका आली, की उत्तरेकडून येणारे पक्षी गोचिडांबरोबर हा आजार आणतात की काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्षी पकडून, पायात क्रमांकाची हलकी धातूची कडी घालून त्यांना सोडायला सुरुवात केली. कड्यावर संस्थेचे नाव, म्हणजे पक्षी सापडला तर कळवा, अशी विनंती.

हजारो पक्ष्यांना कडी घातली तर त्यांतली थोडीच परत कळतात. तरी कळली. भारतात कडी घातलेली बदके हिमालयापलीकडे, थेट सायबेरियात सापडली. आजाराचा दोष काही पक्ष्यांवर सिद्ध झाला नाही, पण हे पाहुणे जगातला सर्वांत उंच डोंगर ओलांडून येतात याचा पुरावा मिळत गेला. अमेरिकेतले पक्षितज्ज्ञ एस. डिलन रिप्ले यांच्याबरोबर सालिम अलींनी भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवर जो दहा खंडांचा ग्रंथ लिहिला, तो १९६८ ते १९७४ या काळात निघाला. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती, आणि त्या वयातही भूतान, सिक्कीमचे डोंगर त्यांना सुटले नव्हते.

हंसाचे हृदय, हंसाची फुफ्फुसे

सालिम अली २० जून १९८७ रोजी गेले. त्यानंतर उपग्रहाला संदेश पाठवणारी छोटी यंत्रे पट्टकादंबाच्या पाठीवर बसवली गेली आणि २०११ पासून मोठी माहिती हाती आली. हे हंस हिमालयाची दक्षिणेकडची चढण सात-आठ तासांत चढून जातात! तेही वाऱ्याच्या मदतीची वाट न पाहता, बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे, जेव्हा हवा गार आणि जरा दाट असते. एका हंसाची ७,२९० मीटर उंचीची नोंद झाली आहे. जे अंतर माणसाने दहा-पंधरा दिवसांत चढावे ते हा पक्षी एका रात्रीत चढतो. कसे जमते त्याला?

पहिले उत्तर फुफ्फुसात आहे. मुलांना असे सांगून बघा. आपले फुफ्फुस म्हणजे एकच दार असलेली एसटी. आत जायचे त्याच दाराने, बाहेर यायचे त्याच दाराने. त्यामुळे नवी हवा आत येते तेव्हा थोडी जुनी हवा आत उरलेलीच असते. पक्ष्याचे फुफ्फुस म्हणजे दोन दारांची बस, एका बाजूने चढायचे आणि दुसऱ्या बाजूने उतरायचे. पक्ष्याच्या अंगात फुफ्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. त्या भात्यासारखे काम करतात. म्हणून फुफ्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते, श्वास घेतानाही आणि सोडतानाही ताजीच हवा रक्ताला भेटते. ही सोय सगळ्याच पक्ष्यांना आहे, किहीमच्या सुगरणीलासुद्धा.

पट्टकादंबाजवळ याहून जास्त काही आहे. त्याच्या हिमोग्लोबिनची घडण जराशी वेगळी आहे, एका अमिनो आम्लाच्या फरकाने ते विरळ हवेतूनही ऑक्सिजन घट्ट पकडते. त्याच्या हृदयाच्या आणि पंखांच्या स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट आहे, त्यामुळे पकडलेला ऑक्सिजन पेशीपर्यंत लवकर पोचतो. भराभर श्वास घेतल्यावर माणसाच्या मेंदूकडचा रक्तपुरवठा कमी होतो, या हंसाचा तसा होत नाही. आणि मघाशी आपण पाहिले ना, ऑक्सिजन कमी झाला की आपल्या फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात? या हंसाच्या त्या फारच थोड्या आकसतात. त्यामुळे उंचावर त्याच्या हृदयावर आपल्याइतका बोजा पडत नाही.

गंमत पुढेच आहे. इतकी तयारी असूनही हा हंस मिरवत नाही. तो एव्हरेस्टच्या डोक्यावरून जातो अशा कथा खूप सांगितल्या जातात. पण यंत्रांनी सांगितले ते वेगळेच. बहुतेक हंस ६,००० मीटरच्या खालूनच जातात, दऱ्याखोऱ्यांचा उतार-चढाव धरून, चढले की पुन्हा खाली उतरत. कारण हवा विरळ झाली की पंख मारण्याचा खर्च आणि हृदयाचे ठोके दोन्ही फार वाढतात. मिळवलेली उंची सोडून खाली येणे त्याला स्वस्त पडते. एवढा समर्थ प्राणीसुद्धा लागेल तेवढीच उंची घेतो.

हंसाची तयारी हजारो पिढ्यांची आहे, ती तो जन्मतःच घेऊन येतो. आपली तयारी शरीराला तिथे गेल्यावर करावी लागते, आणि तिला दिवस लागतात. तयारीवाचून उंची कोणालाच फुकट मिळत नाही.

शेवटची वर्षे

१९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक, असे मान सालिम अलींना मिळत गेले. १९७६ मध्येच वन्यजीव रक्षणासाठीचा आंतरराष्ट्रीय गेट्टी पुरस्कार मिळाला. भरतपूरचे पाणथळ आणि केरळची सायलेंट व्हॅली वाचावी म्हणून त्यांनी शब्द खर्च केला. १९८५ मध्ये आत्मचरित्र निघाले. त्याच्या नावात ती लहानपणची चिमणीच आहे. कर्करोगाशी झगडून वयाच्या ९० व्या वर्षी ते गेले, तेव्हा पदवी नाही म्हणून नोकरी न मिळालेल्या या माणसाला अनेक विद्यापीठांनी सन्मानाची डॉक्टरेट दिलेली होती. त्यांची चढणही अशी सावकाश झाली. किहीमच्या त्या पावसाळ्यात तिची सुरुवात झाली असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

वर्गात काय करता येईल?

१. नाडी मोजणे : मुलांना बसून एक मिनिट मनगटाची नाडी मोजायला सांगा. मग शाळेचा जिना दोनदा चढून-उतरून पुन्हा मोजा. हृदय खेपा कशा वाढवते ते त्यांना बोटाखाली कळेल. ज्यांना हृदयाचा किंवा दम्याचा त्रास आहे त्यांना नोंदी लिहायचे काम द्या.

२. उंचीची शिडी : वर दिलेले आकडे भिंतीवर उभ्या पट्टीने दाखवा. तळाशी आपले गाव, टोकाला एव्हरेस्ट. त्यावर पट्टकादंबाची ७,२९० मीटरची खूण करा.

३. निरीक्षण वही : पावसाळ्यात विहिरीकाठी, शिंदीवर, बाभळीवर सुगरणीची घरटी दिसतात. लांबून, घरट्यांना हात न लावता, रोज दहा मिनिटे बघून दोन ओळी लिहायच्या. पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्यात सहल नेणार असाल तर हीच वही बरोबर न्या.

उंचावर सहलीला जाणाऱ्या पालकांसाठी

- विमानाने लेहला उतरलात तर पहिले दोन दिवस विश्रांतीचे ठेवा. दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला किंवा पँगाँग असा बेत आखू नका, टूरवाला कितीही म्हणाला तरी.
- ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम आहे.
- डोकेदुखी, मळमळ, भूक नसणे, झोप न लागणे ही पहिली सूचना समजा. ती असताना आणखी वर जाऊ नका.
- बसल्या जागी धाप, सततचा खोकला, झोकांड्या जाणे किंवा असंबद्ध बोलणे दिसले, तर सकाळची वाट बघू नका. ताबडतोब खाली उतरा आणि दवाखाना गाठा. खाली उतरणे हाच पहिला उपचार.
- लहान मुलांना आपले दुखणे नीट सांगता येत नाही. मूल नेहमीपेक्षा जास्त किरकिर करत असेल, खात-खेळत नसेल, तर ते थकवा म्हणून सोडून देऊ नका.
- हृदयाचा, फुफ्फुसाचा, रक्तदाबाचा आजार, सिकलसेल किंवा गर्भारपण असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. उंचीवरच्या गोळ्याही स्वतःच्या मनाने घेऊ नका.

पुढच्या पक्षी सप्ताहात मुलांनी सालिम अलींवर भाषण केले तर त्यात चिमणी असू द्या, किहीमची सुगरण असू द्या, आणि जमले तर हिमालयावरून रात्री खाली-वर करत जाणारा तो हंसही येऊ द्या. तुमच्या शाळेजवळच्या पाणवठ्यावर हिवाळ्यात कोणते पाहुणे येतात, ते मुलांनी वहीत जरूर टिपून ठेवावे.